बर्मन जातीचं मांजर घेतेयस ना, मग हे आधी वाच

प्रिय अनू,

अगं फोटो बघितले, पिल्लू गोड आहेच, निळे डोळे पांढरे पंजे, कोण नाही म्हणेल. पण तू नुसती पाळणार नाहीयेस, पुढे पिल्लं काढायची, शो करायचे म्हणतेस, म्हणून लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बस.

ब्रीडरला पहिल्यांदा पंज्यांचं नको विचारूस, रक्तगटाचं विचार. मांजरांत ए आणि बी असे गट असतात आणि बर्मनमध्ये बी बऱ्यापैकी सापडतो. आई बी आणि बोका ए असला की पिल्लं ए गटाची निघू शकतात, मग आईचा चीकच त्यांना बाधतो, त्यात ए विरुद्धच्या अँटीबॉडीज असतात ना, धडधाकट जन्मलेली पिल्लं लालसर लघवी करतात आणि एक-दोन दिवसांत मान टाकतात. लोक म्हणतात अशक्तच होती, आईनेच टाकली, काहीबाही. टेस्ट साधी आहे गं! मांजर बी निघाली तर बोकाही बीच बघायचा, नाहीतर पहिला दिवसभर पिल्लांना आईला लुचू द्यायचं नाही, बाटलीने पाजत बसायचं, रात्रीसुद्धा.

आता पंजे. पिल्लं जन्मतात पांढरीच, कारण रंगाचं एन्झाइम गार जागीच चालतं आणि आईच्या पोटात सगळीकडे ऊब, मग हळूहळू कान, नाक, शेपूट, पाय गडद होतात आणि पंज्यांवरचे पांढरे मोजे कुठवर आलेत ते तेव्हा कुठे दिसतं. पुढचे मोजे सरळ रेषेत संपायला हवेत, मागच्या पायांना मागून वर चढणारी टोकदार पट्टी हवी, तिला लेस म्हणतात. चारही पाय जमले तर लॉटरीच. आईबाप दोघं चॅम्पियन असले तरी एखादा मोजा वर पळतो आणि शोचा विषय संपतो, मला हा चक्क अन्याय वाटतो, पण जज पाय बघणारच.

जीसीसीएफच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या मांजर-नोंदणी संस्थेच्या, जुन्या पद्धतीच्या शोमध्ये पिंजऱ्यात सगळं पांढरं लागतं, ब्लँकेट, वाटी, लिटर ट्रे, नाव नाही फक्त नंबर. तीन वेगवेगळ्या जजकडून सर्टिफिकेट मिळालं की चॅम्पियन. केसांचं टेन्शन घेऊ नकोस, पर्शियनसारखी आतली लोकर नसते, गुंता कमी होतो.

आणि ती बर्माच्या देवळातल्या पुजाऱ्याची गोष्ट तुला ऐकवतील, ऐक आणि सोडून दे. जात उभी राहिली फ्रान्समध्ये, 1925 ला तिथे मान्यता, दुसऱ्या महायुद्धानंतर अगदी मोजकी उरली, मग पर्शियन-सयामी मिसळून परत वाढवली, ब्रिटनमध्ये 1966 ला नोंद. म्हणजे मागे गेलं की सगळ्यांची मुळं त्याच थोड्या मांजरांत, तेव्हा जोड लावताना पेडिग्री, म्हणजे वंशावळ, नीट वाच, एकच बोका दोन्हीकडे दिसला तर मला फोन कर.

तेरा आठवड्यांच्या आत पिल्लू देतो म्हणाला तर सरळ दुसरा ब्रीडर शोध. रक्तगटाचा रिपोर्ट आला की पाठव. आणि काकांच्या गुडघ्याचं काय झालं, ते लिहिलंच नाहीस!

तुझी,
वैशू