इथे बिशपसाहेब कुणाला पाठवणार नाहीत

प्रिय प्रमोद,

सप्रेम सलाम.

तुमच्या अमेरिकेतल्या चर्चचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, निवृत्त होताहेत आणि सीनियर वॉर्डन, म्हणजे मंडळीतला प्रमुख पदाधिकारी, म्हणून सगळा भार तुझ्यावर आलाय, हे कळलं. फोनवर तू विचारलंस, "आता बिशप कुणाला पाठवतील?" तिथूनच सुरुवात करतो. कुणालाच नाही. पुण्यात पंचहौदच्या देवालयात वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागणारच. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बदलीचा आदेश निघतो, पाळकसाहेब सामान बांधतात आणि मंडळी नव्या पाळकांसाठी हार घेऊन उभी राहते. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये स्वतःच्या पायावर उभी असलेली पॅरिश, म्हणजे स्थानिक मंडळी, आपला रेक्टर आपण निवडते. तो अधिकार व्हेस्ट्रीचा, म्हणजे मंडळीने निवडलेल्या कार्यकारी समितीचा. बिशपच्या आधारावर चालणाऱ्या मिशन मंडळीचं वेगळं, तिथला पाळक, म्हणजे व्हिकार, बिशपच नेमतात. आणि रेक्टर एकदा निवडला की त्याला मुदत नसते. 72 व्या वर्षी पद सोडावं लागतं, पण त्याआधी केवळ व्हेस्ट्रीचं मन उडालं म्हणून त्याला काढता येत नाही. त्यासाठी प्रकरण बिशपकडे जातं. म्हणून निवडीला वर्ष-दीड वर्ष लागलं तर लागू दे.

पहिलं काम पत्राचं. पद रिकामं झालं की वॉर्डननी बिशपना तसं लेखी कळवायचं असतं. मग डायसिसचा, म्हणजे बिशपच्या प्रांताचा, ट्रान्झिशन अधिकारी (पाळक बदलण्याचं काम पाहणारा) व्हेस्ट्रीला भेटायला येईल. त्याच्याशी आधी मधल्या काळाचं ठरवा: दर रविवारी वेगवेगळे पाहुणे पाळक बोलवायचे, की इंटरिम (तात्पुरता) रेक्टर घ्यायचा, की प्रीस्ट-इन-चार्ज, म्हणजे प्रभारी पाळक. इंटरिमला सहसा कायमच्या पदासाठी अर्ज करता येत नाही. हे पहिल्या रविवारीच मंडळीला स्पष्ट सांग. नाहीतर सहा महिन्यांत लोकांचा त्याच्यावर जीव जडतो आणि "हेच बरे आहेत, कशाला शोधायचं?" सुरू होतं.

निरोपसमारंभाच्या गडबडीत काही कामं हमखास राहतात. रेक्टरचा डिस्क्रिशनरी फंड (गरजूंच्या मदतीसाठी त्यांच्या हाती असलेला निधी) त्यांचा खासगी नसतो, पॅरिशचा असतो. जाण्याआधी त्याचा हिशेब पूर्ण करून घे आणि बँकेतल्या सह्या बदल. गरजूंना मदत थांबू नये म्हणून पद रिकामं असताना ते काम पाहायला व्हेस्ट्रीने मंडळीतलं कुणीतरी नेमायचं असतं. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, दफन यांची रजिस्टरं तपासून ताब्यात घे. किल्ल्या, अलार्मचा कोड, वेबसाइटचे पासवर्ड हेही. शिवाय जुन्या रेक्टरनी निदान वर्षभर तरी मंडळीतले विवाह-अंत्यविधी करू नयेत, असा संकेत असतो. तो लोकांना आधी समजावला नाही, तर पहिल्याच अंत्यविधीला रुसवेफुगवे होतात.

आता पैसा. उमेदवार बघण्याआधी हा कागद तयार हवा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. लोक पगार धरतात आणि थांबतात. समज, 60,000 डॉलर पगार आणि 25,000 घरभत्ता. झाले 85,000. अमेरिकेत पाळक सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या, दृष्टीने स्वयंरोजगारी, त्याला 15.3 टक्क्यांचा पूर्ण कर स्वतः भरावा लागतो. त्यातला निम्मा भार पुष्कळ पॅरिश उचलतात, म्हणजे आणखी सुमारे 6,500. या एकूण 91,500 वर चर्च पेन्शन फंडाचे 18 टक्के, म्हणजे जवळजवळ 16,500, आणि ते पॅरिशनेच भरायचे. झाले 1,08,000. कुटुंबाचा आरोग्यविमा, प्रवासखर्च, शिक्षणाची रजा अजून बाहेरच आहेत. राहायला तुमची रेक्टरी दिलीत तरी पेन्शनच्या हिशेबात घराचं मूल्य धरलं जातंच. डायसिसचा किमान वेतनाचा तक्ता मागवून घे, तुमचा आकडा त्याच्या खाली नको.

घरभत्त्याची एक गोम आहे. आयकरातून सूट हवी असेल तर व्हेस्ट्रीचा ठराव पैसे देण्याआधी झालेला हवा; मागाहून केलेला चालत नाही. रेक्टर सप्टेंबरात रुजू होणार आणि ठराव ऑक्टोबरच्या सभेत, तर सप्टेंबरची सूट गेली. पॅरिशने दिलेला सामान हलवण्याचा खर्चही 2018 पासून करपात्र धरला जातो, म्हणून त्यावरच्या कराचाही विचार कर.

मग शोधसमिती. सात किंवा नऊ माणसं पुष्कळ. सकाळी आठच्या शांत उपासनेला येणारे आणि साडेदहाच्या गायनमंडळींच्या उपासनेचे, दोन्हीकडचे घे. नवरा-बायको दोघं एकाच समितीत नकोत, पगारी कर्मचारी नकोत. व्हेस्ट्रीने समितीला काम लेखी नेमून द्यावं: किती नावं आणायची, एक की तीन, खर्चाची मर्यादा किती, दर महिन्याला मंडळीला काय सांगायचं. समिती शिफारस करते, निवड व्हेस्ट्री करते. हे कागदावर नसलं की शेवटी समिती म्हणते "आम्ही वर्षभर राबलो" आणि व्हेस्ट्री म्हणते "अधिकार आमचा". तुमची वार्षिक सभा जानेवारीत असते ना? तेव्हा व्हेस्ट्रीतले काही लोक बदलतील. नव्यांना समितीचं लेखी काम वाचून दाखव, नाहीतर ते सगळं पुन्हा पहिल्यापासून काढतील.

समितीचं पहिलं काम उमेदवार शोधणं नाही, पॅरिशचं प्रोफाइल लिहिणं. गेल्या दहा वर्षांचे पॅरोकियल रिपोर्ट, म्हणजे पॅरिशचे वार्षिक अहवाल, काढा. दरवर्षी भरलेले असतात. रविवारची सरासरी उपस्थिती, वर्गणीचं वचन देणारी कुटुंबं, ठेवीतून काढलेली रक्कम, या तीन रेघा एका आलेखावर घाला. प्रश्नावली वाटाच, पण आठ-दहा जणांच्या घरगुती बैठकांत लोक जास्त खरं बोलतात. प्रत्येक पॅरिश लिहिते, "आम्ही प्रेमळ कुटुंब आहोत आणि आम्हाला तरुण कुटुंबं हवीत." त्यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. छप्पर गळतंय, ठेवीतून दरवर्षी तूट भरली जाते, ऑर्गनवरून दोन तट आहेत, हे लिहा. चांगला पाळक अशा वाक्यांनी पळत नाही. रुजू झाल्यावर तेच कळलं तर मात्र पळतो. आणि मागच्या रेक्टरच्या नेमका उलटा माणूस मागू नका. ते शांत होते म्हणून आता गडगडणारा हवा, असं पुष्कळ ठिकाणी होतं, आणि मग त्यांची शांतता आठवत बसतात.

अर्ज डायसिसच्या कार्यालयातून छाननी होऊन समितीकडे येऊ देत. व्हिडिओवरच्या पहिल्या मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. लग्न, मुलंबाळं, वय, आजार यांविषयी चहाच्या टेबलावरसुद्धा विचारायचं नाही. आपल्याकडची "घरी कोण कोण असतं?" ही साधी चौकशी इथे अंगाशी येऊ शकते. प्रवचनं रेकॉर्डिंगवर ऐका. उमेदवाराच्या चर्चमध्ये चौघं अनोळखी माणसं एका बाकावर बसली की तिथल्या मंडळीला लगेच कळतं, आणि त्याची तिथली नोकरी धोक्यात येते. गुप्तता पाळायची ती यासाठी. नाव फुटलं की चांगले उमेदवार आधी माघार घेतात.

अखेरची नावं मतदानाआधी बिशपकडे जायला हवीत. व्हेस्ट्रीला आपलं मत कळवायला त्यांना जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, आणि ते जे कळवतील त्यावर त्यासाठीच बोलावलेल्या सभेत विचार झाल्याशिवाय निवड करता येत नाही. पार्श्वभूमीची तपासणी पुरी झालेली हवी. तिला काही आठवडे लागतात, शेवटच्या क्षणी सुरू करू नकोस. निवडीनंतर दोन्ही वॉर्डनच्या सहीने बिशपना लेखी कळवायचं, आणि बिशपच्या संमतीने करारपत्र करायचं: रजा, अभ्यासरजा, दरवर्षी परस्पर आढावा. जाहीर घोषणा तुमच्याकडे आणि त्याच्या सध्याच्या चर्चमध्ये एकाच दिवशी व्हावी. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत उरलेल्या उमेदवारांना फोन गेलेले असावेत, ईमेल नव्हे.

स्थापनाविधीची मात्र काळजी नको, 1979 च्या प्रार्थनापुस्तकात तो तयार आहे. मंडळीचे लोक एकेक करून बायबल, पाणी, तेल, किल्ल्या, भाकर आणि द्राक्षारस नव्या पाळकाच्या हाती देतात. पाण्याचा घडा एखाद्या लहान मुलाकडे द्या, फक्त अर्धाच भरा.

व्हेस्ट्रीच्या सभेआधी बजेटचा कागद पाठव, आकडे पाहून देतो. वहिनींना सलाम.

तुझा,
विनय