गाठीचा तुकडा कुणी काढावा?

रविवारच्या अंकातील हाडांच्या कर्करोगावरील लेख वाचला. उपचारांची माहिती चांगली आहे, पण बायोप्सी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणे) कुणी आणि कुठे करावी हा कळीचा मुद्दा त्यात राहून गेला. माझ्या पुतण्याचा गुडघा सुजला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. मुका मार समजून दोन महिने तेल चोळले, मग एका दवाखान्यात एमआरआय न करताच आडवा छेद देऊन तुकडा काढला. मुंबईच्या डॉक्टरांनी तो व्रण पाहिला आणि क्षणभर बोललेच नाहीत. तुकडा काढलेल्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडू शकतात, म्हणून पुढच्या शस्त्रक्रियेत ती वाटही गाठीसोबत काढावी लागते. छेद आडवा किंवा भलत्या जागी असेल तर पाय वाचवणे अवघड होते. अमेरिकेत हाडांचे शल्यचिकित्सक मॅनकिन व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ३२९ रुग्णांचा अभ्यास मांडला, त्यातील ४.५ टक्के रुग्णांचा अवयव सदोष बायोप्सीमुळे विनाकारण कापावा लागला होता. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. बीड, परभणी, हिंगोलीच्या डॉक्टरांनी संशयित गाठीला सुरी लावण्याआधी रुग्णाला तिथे किंवा मुंबईच्या टाटा कर्करोग रुग्णालयात पाठवावे, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, परभणी