अव्यास, नदीवरच्या भांडणाबद्दल

प्रिय अव्या,

रविवारी घाटावर माझं आणि शिरीषचं चांगलंच वाजलं. तेव्हापासून तुला लिहायचं डोक्यात आहे, कारण यातलं नेमकं काय बोचतंय ते बाकी कुणाला सांगून कळणार नाही. आईचा गुडघा बरा आहे, माझी शुगर आटोक्यात. झालं.

जलपर्णी काढायचं मशीन चालायला लागलं, अव्या! तुला फोटो पाठवला होता त्याचा पट्टा सारखा अडकायचा. आता २०० लिटरच्या निळ्या ड्रमांचा तराफा, पुढं पाण्यात उतरणारा कन्व्हेअर आणि पट्ट्याऐवजी जाळी. सगळा त्रास मुळांचा होता. जलपर्णीची मुळं तू पाहिलीयस, काळी-जांभळी, पिसांसारखी. ती स्प्रॉकेटच्या दातांभोवती असा पीळ घालतात की सुरीनं कापल्याशिवाय निघत नाहीत. त्यात गुटख्याच्या पुड्या आणि बारीक गोगलगायी. शेवटी खराडे काकांनी स्प्रॉकेटला पत्र्याचं झाकण केलं आणि तोंडाशी एक पातं बसवलं. रिटायर झालेत, पण दर रविवारी सातला हजर. कॉलेजच्या पोरांना वेल्डिंगवरून अजून तसेच झापतात, मन्याला झापायचे तसे. पोरं खूश असतात.

तर मशीन पवनेतून ढिगानं जलपर्णी काढतंय, आणि आता प्रश्न ती न्यायची कुठं. तिच्यात ९० टक्क्यांच्या वर पाणी; टनभर उचलली तरी सुका माल १०० किलोच्या आतच. ट्रॅक्टरला डिझेल घालून आपण पाणीच वाहून नेणार. म्हणून घाटालगतच खत करायचं ठरलं. शिरीषनं मावळातला एक शेतकरी गाठला, तो स्वतःची ट्रॉली आणून खत फुकट न्यायला तयार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत एक घमेलंही जाणार नाही.

वरच्या नाल्याचा वास तुला माहीत आहे. आमच्या अंदाजानं तिकडच्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला मुलामा देणाऱ्या, शेडमधलं पाणी त्यात येतं. जलपर्णी क्रोमियम, शिसं, कॅडमियम पाण्यातून ओढून घेते आणि बरंचसं मुळांत धरून ठेवते. नदीला हे चांगलंच आहे. पण तीच मुळं कुजवून पालकाच्या वाफ्यात टाकली तर? क्रोमियम पिकात फारसं वर चढत नाही, कॅडमियम मात्र पालेभाजी सहज घेते. मग आपण नदीतलं उचलून कुणाच्या तरी ताटात वाढलं, आणि वर त्याला स्वच्छता म्हणायचं?

शिरीषला रसायनशास्त्र येतं, हीच पंचाईत आहे. तो म्हणाला, खतातल्या सेंद्रिय पदार्थांनी जहाल हेक्साव्हॅलंट क्रोमियमचं कमी विषारी ट्रायव्हॅलंट होतं, घाबरायचं कारण नाही. होतं, मान्य. पण १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला जी मर्यादा आहे ती एकूण क्रोमियमची, किलोला ५० मिलिग्रॅम. शिशाला १००, कॅडमियमला ५. आणि कॅडमियमला अशी कुठलीच पळवाट नाही. मग तो म्हणाला, स्वयंसेवकांनी एवढं ताणायचं नसतं. इथं माझा तोल गेला. पगार घेत नाही म्हणून शेतकऱ्याला कमी खात्रीचा माल द्यायचा का?

निर्माल्याच्या खताच्या वेळी तू एकटा असाच अडून बसला होतास, शेंदूर आणि रंग लागलेलं सगळं वेगळं काढा म्हणून. तेव्हा शिरीषनंच तुला ‘विघ्नकर्ता’ पदवी दिली होती. रविवारी ती मला मिळाली. आपण दोघं आता एकाच विद्यापीठाचे.

त्याचा एक मुद्दा मात्र मला झोपू देत नाही. ढीग काठावरच आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी तिथवर चढतं. तोवर निर्णय झाला नाही तर सगळं परत नदीत. काढून उपयोग काय मग?

तू म्हणशील, जलपर्णी खाणारे भुंगे सोडले असते तर ही वेळच आली नसती. नाही रे बाबा. १९८० च्या दशकात ते भारतात आणले, संथ पाण्यात त्यांनी कामही केलं. पण त्यांना वर्षं लागतात, आणि आपल्या नदीला दर पावसाळ्यात पूर येतो, जलपर्णीबरोबर तुझे भुंगेही उजनीला. हा वाद तू हरलायस, आता तरी कबूल कर.

काकांचं म्हणणं आहे की दुसरं पातं खाली बसवून मुळं कन्व्हेअरवरच तोडता येतील. मुळं अस्तर घातलेल्या खड्ड्यात ठेवायची, नुसत्या पानांचं खत करायचं. मला हे पटतंय, पण पानं खरंच स्वच्छ निघतील का ते तूच सांगू शकतोस. माती-खताचं आयुष्यभर तूच पाहिलंस. ढिगातून नमुने किती ठिकाणचे घेऊ? मुळं आणि पानं वेगळी वाळवू ना? आणि तोवर पानांचं खत रस्त्याकडेच्या झाडांना घातलं तर चालेल का?

चिन्मयीची बारावी कशी गेली? नव्या घरात पाण्याचं काय झालं? वहिनींना म्हणावं, सांडगी मिरच्या संपल्या.

मन्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं नागपूरला निघतोय. त्याच्याबरोबर नमुने पाठवतो, पिशव्यांवर ठिकाण आणि तारीख लिहून. पण कसे घ्यायचे ते मला बुधवारपर्यंत कळव. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे, आणि शेतकऱ्याला मी स्वतः फोन करून थांब म्हणून सांगितलंय.

तुझा,
नंदू