विमानातील गैरसोयीची लेखी पोच प्रवाशाच्या हाती मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमान कंपन्यांविरुद्धची जी पत्रे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात त्यांत रद्द झालेली उड्डाणे, उशीर आणि हरवलेले सामान यांचाच भरणा असतो. ते स्वाभाविकही आहे, कारण या बाबतींत प्रवाशाला निदान कायद्याचा काही आधार आहे. मात्र विमान वेळेवर सुटले, वेळेवर उतरले, पट्ट्यावर सामानही आले आणि तरीही मधल्या बारा-चौदा तासांत ज्या सेवेचे पैसे आगाऊ मोजले होते ती मिळालीच नाही, अशा प्रवाशाने दाद कुठे मागायची? त्या मधल्या तासांविषयी हे पत्र आहे.

रात्रीच्या अशाच एका लांब पल्ल्याच्या प्रवासात माझ्या आसनाची पाठ मागे जात नव्हती आणि डोक्यावरचा वाचनाचा दिवा विझत नव्हता. अनेक विमानांत हा दिवा समोरच्या पडद्यावरून किंवा त्याला जोडलेल्या रिमोटवरून चालतो. माझा पडदाच बंद पडलेला असल्याने दिवा विझवण्याची सोयच उरली नव्हती. हवाई सेविकेने त्या आसनाची यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करून पाहिली. त्याने काही साधले नाही तेव्हा तिने एका जाड कागदाची घडी चिकटपट्टीने दिव्यावर लावून दिली, आणि थोड्याच वेळात ती सुटून शेजारी झोपलेल्या गृहस्थांच्या मांडीवर पडली. विमान पूर्ण भरलेले असल्याने दुसरी जागा देणे तिच्या हाती नव्हते. तिने दिलगिरी व्यक्त केली, हातातल्या टॅबवर आसन क्रमांक आणि बिघाडाचे स्वरूप माझ्यासमोर नोंदवले आणि उतरल्यावर कंपनीला कळवा, आमच्याकडे नोंद आहेच, असे सांगितले. त्याप्रमाणे मी कळवले. काही आठवड्यांनी उत्तर आले ते असे की, सदर उड्डाणात आपल्या आसनाविषयी कोणतीही तक्रार नोंदलेली आढळत नाही, तरी पुरावा असल्यास पाठवावा.

कंपनीने लिहिलेले कंपनीलाच दिसत नाही, हा प्रकार वाटतो तितका अजब नाही. विमानाच्या केबिनमधील बिघाडांसाठी स्वतंत्र नोंदवही असते, कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक. आसन, दिवा, पडदा, शौचालय, सामानाचा कप्पा, जे काही बिघडेल ते केबिन क्रू त्यात टिपतो आणि विमान उतरल्यावर देखभाल करणारे अभियंते ती वही वाचून दुरुस्ती करतात, किंवा सुरक्षिततेला बाध येत नसेल तर दुरुस्ती पुढे ढकलल्याचा शेरा मारतात. म्हणजे नोंद होते, ती वाचली जाते आणि जपूनही ठेवली जाते. फक्त ती देखभाल विभागाकडे असते, आणि प्रवाशाला उत्तर देणारा ग्राहक सेवा विभाग ती मागवून पाहण्याच्या भानगडीत पडत नाही. पुराव्याचे ओझे मात्र ज्याच्याकडे कसलीच वही नाही त्या प्रवाशाच्या डोक्यावर.

दिवा आणि आसन या क्षुल्लक बाबी आहेत, असे कोणी म्हणेल. दोन तासांच्या प्रवासात त्या तशा आहेतही. लांब पल्ल्याच्या विमानात हिशेब बदलतो. केबिनमधील हवेचा दाब साधारणपणे सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्याही खाली असते, आणि सर्वसाधारण वर्गात एका आसनापासून पुढच्या आसनापर्यंतचे अंतर ३० ते ३२ इंच इतकेच असते. बोईंग ७७७ या विमानात पूर्वी बहुतेक कंपन्या एका रांगेत नऊ आसने बसवत असत. आता अनेकांनी ती दहा केली आहेत. विमानाची रुंदी आहे तेवढीच आहे, तेव्हा दहावे आसन उरलेल्या नऊ आसनांच्या आणि मार्गिकांच्या रुंदीतूनच आले, हे उघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चार तास किंवा त्याहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, असा निष्कर्ष होता. मुळातला धोका फारच थोडा असल्याने घाबरण्याचे कारण नाही, हेही त्यासोबत सांगायला हवे. त्यासाठी प्रवाशांना वरचेवर उठून पाय मोकळे करण्याचा सल्ला दिला जातो. तो रास्तच आहे, पण मार्गिकेत ट्रॉली उभी, शेजारचे दोघे झोपलेले आणि आसनपट्टा बांधण्याची खूण लागलेली असताना तो कसा पाळायचा, हे सल्ला देणारे सांगत नाहीत. एवढ्या आखडलेल्या जागेत जे मोजके आराम विकले जातात, त्यांपैकी एकही न मिळणे ही खरी गैरसोय आहे.

आता कायद्याकडे पाहू. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातील कंपनीचे दायित्व ठरवणारा मुख्य करार म्हणजे १९९९ चा मॉन्ट्रियल करार; तो २००३ पासून अमलात आहे आणि बहुतेक देशांनी तो स्वीकारलेला आहे. त्यात प्रवाशाचा मृत्यू किंवा शारीरिक इजा, सामानाचे नुकसान आणि उशीर यांची भरपाई दिलेली आहे. सामान खराब झाल्यास ते मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाल्यास २१ दिवसांत लेखी तक्रार करायची, न्यायालयात जायचे तर दोन वर्षांच्या आत जायचे, इथपर्यंत सारे स्पष्ट आहे. सामानासाठीची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून प्रतिप्रवासी १,५१९ एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनात मोजलेली, अशी वाढवण्यातही आली आहे. मात्र रात्रभर ताठ बसून काढलेला प्रवास हा उशीर ठरत नाही, ती शारीरिक इजा नाही आणि सामानाशी तर त्याचा संबंधच नाही. करारात त्याला जागा नाही, आणि कंपनीच्या अटी-शर्तींमध्ये विशिष्ट आसन, विशिष्ट विमान किंवा पडद्यावरील करमणूक यांची हमी देत नसल्याचे वाक्य आधीच घालून ठेवलेले असते.

तत्त्व म्हणून ही गोष्ट अशक्य आहे, असे मात्र नाही. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमावलीत, प्रवाशाला तिकिटापेक्षा खालच्या वर्गात बसवले तर अंतरानुसार भाड्याच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के रक्कम सात दिवसांत परत करावी, असे कलम आहे. अमेरिकेने २०२४ मध्ये केलेल्या नियमानुसार, निवडलेले आसन, वाय-फाय किंवा करमणूक यांसाठी वेगळे पैसे घेऊन ती सेवा दिली गेली नाही तर ते शुल्क परत करणे कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणजे विकलेली आणि न दिलेली सेवा मोजता येते, हे दोन मोठ्या नियामकांनी मान्य केले आहे. अडचण एवढीच उरते की सेवा दिली गेली नाही हे सिद्ध कोणी आणि कशाने करायचे.

त्यावर मला साधा उपाय दिसतो. केबिन क्रू ज्या क्षणी बिघाडाची किंवा न मिळालेल्या सेवेची नोंद करतो, त्याच क्षणी त्या नोंदीची एक प्रत प्रवाशाला मिळावी, असा नियम विमान वाहतुकीच्या नियामकांनी करावा. सामान आले नाही तर विमानतळावरचा कर्मचारी अहवाल भरून त्याचा क्रमांक प्रवाशाच्या हाती देतो आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या क्रमांकावर चालतो. बॅगेला जी पोच मिळते ती बॅगेच्या मालकाला का मिळू नये?

अशी पोच असती तर इतरही कितीतरी वाद जागच्या जागी मिटले असते. विमान ऐनवेळी बदलले जाते, नव्या विमानातील आसनांची मांडणी निराळी असते, आणि जास्तीचे पैसे भरून एकत्र घेतलेल्या जागा विखुरल्या जाऊन लहान मूल एका टोकाला आणि आई-वडील दुसऱ्या टोकाला अशी वाटणी होते. प्रवासी तेथे आपसांत विनवण्या करून जागा बदलून घेतात. नंतर कंपनी म्हणते की आपण दिलेल्या आसनावर बसलाच नव्हता. पथ्याचे जेवण आगाऊ नोंदवूनही विमानात चढवलेले नसते. मधुमेही माणसाने दहा तास कशावर काढायचे, याचे उत्तर कोणाकडेच नसते, आणि तक्रार केल्यावर जेवण पाठवले होते असे यादी दाखवते.

दरवाजे बंद करून विमान धावपट्टीच्या वाटेवर तिष्ठत उभे राहते तेव्हाही हेच. अमेरिकेच्या नियमांत यासाठी आंतरराष्ट्रीय उड्डाणांना ४ तासांची मर्यादा असून दोन तासांच्या आत खाणे-पाणी देणे आणि शौचालये चालू ठेवणे सक्तीचे आहे. इतर अनेक ठिकाणी प्रवाशाला वैमानिकाच्या घोषणेवर भिस्त ठेवावी लागते, आणि ती घोषणा बहुधा ‘थोड्याच वेळात’ या शब्दांपलीकडे जात नाही.

कोड-शेअर उड्डाणांचा त्रास आणखी निराळा. तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसरीचे, त्यामुळे तक्रार घेऊन गेल्यावर दोघी एकमेकींकडे बोट दाखवतात आणि प्रवाशाच्या वाट्याला नुसते हेलपाटे येतात. वास्तविक मॉन्ट्रियल करारानेच यावर तोड काढलेली आहे: त्याच्या कक्षेतील दाव्यांसाठी तिकीट देणारी आणि प्रत्यक्ष उड्डाण करणारी अशा दोन्ही कंपन्या जबाबदार धरल्या आहेत आणि एकीकडे केलेली तक्रार दुसरीकडेही केली असे मानायचे आहे. हे कलम ग्राहक सेवेच्या टेबलावर कोणाला ठाऊक असल्याचे निदान मला तरी जाणवले नाही. पोचेवर दोन्ही कंपन्यांची नावे छापलेली असतील तर ते सांगत बसण्याची वेळ येणार नाही.

या सूचनेवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की केबिन क्रूवर आधीच कामाचा बोजा आहे. तो आहेच, आणि माझ्या पत्राचा रोख त्यांच्यावर मुळीच नाही. प्रवाशांच्या सुरक्षिततेची जबाबदारी, अपुरी झोप आणि बंद पडलेल्या पडद्याबद्दल ऐकावी लागणारी बोलणी हे सारे त्यांच्याच वाट्याला येते. ज्यांनी ते आसन दुरुस्त न करता विमान सोडले ते त्या वेळी विमानात नसतात. परंतु नोंद ते आताही करतातच. तिची प्रत प्रवाशाच्या ईमेलवर आपोआप जाणे हे टॅबच्या प्रणालीचे काम आहे, त्यांचे नव्हे. दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. तो तर आजच्या पद्धतीलाच अधिक लागू पडतो, कारण आज घरी बसून कोणीही काहीही लिहू शकतो आणि खरे-खोटे ठरवायला जागेवरची नोंद पुढे येत नाही. विमानातच कर्मचाऱ्याने पाहून लिहिलेली नोंद कंपनीचेही संरक्षण करील.

असा नियम होईपर्यंत प्रवाशांनी आपल्या परीने काळजी घ्यायला हरकत नाही. बिघाडाचे छायाचित्र घ्यावे, त्यात आसन क्रमांक दिसेल असे पाहावे, नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला नोंदीचा क्रमांक किंवा निदान वेळ विचारून बोर्डिंग पासच्या मागे लिहून ठेवावी आणि विमानतळ सोडण्यापूर्वीच कंपनीला ईमेल करावा. नंतर देऊ केलेले व्हाउचर किंवा पॉइंट स्वीकारताना ते तक्रारीची अंतिम भरपाई म्हणून दिले जात आहेत का, हे वाचून घ्यावे.

पोचेचा नमुना फार मोठा असण्याची गरज नाही. उड्डाण क्रमांक आणि तारीख, आसन क्रमांक, तिकीट देणाऱ्या व उड्डाण करणाऱ्या कंपन्यांची नावे, बिघाडाचे किंवा न मिळालेल्या सेवेचे स्वरूप, ती लक्षात आल्याची वेळ, त्यावर काय उपाय केला आणि नोंद करणाऱ्याचे पद, एवढ्या बाबी पुरेशा आहेत. तिच्या खाली तक्रारीचा पत्ता आणि उत्तर देण्याची मुदत छापलेली असावी, आणि त्या मुदतीत उत्तर न आल्यास नोंदीतील मजकूर खरा धरला जाईल, असे नियमातच नमूद करावे.

आपला विश्वासू,
एक वाचक