'ही लाट माणसामुळेच का?' या तुमच्या प्रश्नाबद्दल

रेडिंग (इंग्लंड), 28 मे

ति. काकांना सा. न. वि. वि.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या उन्हाबद्दल तुम्ही विचारलंत, 'हवामानबदल नसता तर हे झालंच नसतं का?' प्रश्न असा विचारला की उत्तर मिळत नाही. लू, म्हणजे उन्हाळ्यातला उष्ण वारा, पूर्वीही वाहायचीच. हीच उष्णतेची लाट माणसाने तापवण्याआधीच्या थंड पृथ्वीवर आली असती तर पारा कुठे थांबला असता, हे मात्र हवामानाचा रोजचा अंदाज देणाऱ्या संगणकी मॉडेलकडून काढता येतं.

कॅनडातल्या लिटनला 29 जून 2021 ला 49.6 अंश तापमान होतं. देशाचा जुना उच्चांक 45. आकडा इतका बाहेरचा, की जुन्या नोंदींच्या गणितात तो बसेचना. हवामानाच्या अंदाजात मात्र ती लाट आधीच दिसली होती. म्हणून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी इथल्या युरोपीय हवामान-अंदाज केंद्राचं तेच मॉडेल पुन्हा चालवलं, पण सुरुवात बदलून. कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे 415 भागांवरून 285 च्या आसपास आणला, समुद्राच्या तापमानातून माणसाने वाढवलेली उष्णता वजा केली, समुद्री बर्फही त्याला जुळवून घेतलं. समुद्र खोलवर थंड करावा लागतो. नुसता पृष्ठभाग थंड केला तर खालचं ऊबदार पाणी मिसळून सगळी मेहनत वाया जाते. उलटी चाचणी म्हणून कार्बन डायऑक्साइड वाढवूनही मॉडेल चालवून पाहिलं.

खरी अडचण सुरुवातीच्या तारखेची. लाटेच्या तीन दिवस आधी सुरू केलं तर लाट हुबेहूब येते, पण हवा आणि जमीन आजच्याच जगातली असतात. त्यांना थंड व्हायला वेळच मिळत नाही. बरंच आधी सुरू केलं तर त्यांना वेळ मिळतो, पण लाटच हातातून निसटते. त्यामुळे वेगवेगळ्या तारखांपासून चालवून पाहावं लागतं, आणि निष्कर्षात 'किमान' हा शब्द येतो: ती लाट येण्याची शक्यता माणसामुळे किमान 8 पट झाली. मला तो शब्द आकड्याइतकाच मोलाचा वाटतो.

'पट' आणि 'अंश' यांची गल्लत करू नका. एका अंदाजात मॉडेलच्या 51 धावा असतात, म्हणजे ते 51 वेळा चालवतात, प्रत्येकीची सुरुवात किंचित वेगळी. समजा ग्वाल्हेरसाठी आजच्या जगात त्यांपैकी 20 धावा 45 अंश ओलांडतात आणि थंड जगात 4. म्हणजे शक्यता पाचपट, पण दोन्ही जगांतला सरासरी फरक अंश-दीड अंशाचाच असू शकतो. मर्यादा 46 धरली की 'पट' लगेच बदलतो.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. धूर आणि धूलिकण थोडं ऊन अडवतात, उत्तरेतलं सिंचन जमीन गार ठेवतं. हरितगृह वायूंनी वाढवलेली उष्णता त्यामुळे काही अंशी झाकली जाते. नुसता कार्बन डायऑक्साइड आणि समुद्र बदलून आलेला आकडा म्हणजे माणसाच्या सगळ्या करणीचा हिशोब नव्हे. शिवाय मॉडेलचा एक चौकोन सुमारे 9 किलोमीटरचा. लश्करच्या महाराजबाडा चौकातल्या फरशीवरची धग त्यात दिसत नाही. वेधशाळेच्या जुन्या नोंदींशी ताडून आधी मॉडेलची चूक दुरुस्त करावी लागते.

पेपरात 'इतक्या पट' असं वाचलंत तर मर्यादा कोणती, प्रदेश किती मोठा आणि मॉडेल किती दिवस आधीपासून चालवलं, ते शोधा. तुमच्या वहीत दुपारच्या पाऱ्याशेजारी पहाटेचाही लिहीत जा. रात्र निवत नसेल तर शरीराला विसावा मिळत नाही. बारा ते चार आजीला गच्चीवर जाऊ देऊ नका.

तुमची,
पुतणी