सूचना: रविवारी निघण्याआधी बोटीच्या पेट्रोल टाकीचं व्हेंट (हवा आत-बाहेर जाण्याचं तोंड) आणि झाकण

सभासद मंडळी, नमस्कार. रविवारी पहाटे इंदूरहून इंदिरासागर जलाशयावरच्या हनुवंतियाला निघण्याआधी एवढं जरूर वाचा.

मागच्या फेरीत बोट गचके खात बंद पडली. फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतलं, तर थोड्याच वेळात तळाशी बोटभर पाणी वेगळं दिसलं. वेकसर्फिंगची (बोटीमागच्या लाटेवर फळीवरून सर्फ करण्याची) लाट उठावी म्हणून आपण बॅलास्ट, म्हणजे वजनासाठीचं पाणी, एका बाजूला भरतो, बोट कलते आणि त्या बाजूचं व्हेंट पाण्याला टेकतं. हवेच्या वाटेनं पाणीच टाकीत शिरतं.

आपलं व्हेंट उजवीकडे आहे. त्याच्या पाइपला वर उंच वळसा देऊन होईपर्यंत बॅलास्ट डावीकडेच भरायचा. उजवीकडून सर्फ करणाऱ्यांची गैरसोय होईल याची मला जाणीव आहे, पण समजून घ्या. व्हेंटला टेप किंवा बूच मात्र कुणीही लावू नका. टाकीत हवा गेली नाही तर इंजिनाला पेट्रोल मिळत नाही.

झाकणाची रबरी रिंग चिरली होती, नवी बसवली आहे. पेट्रोल भरल्यावर झाकण घट्ट आवळा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं आणि पाणी वाढलं की त्याच्यासकट तळाशी बसतं. इंजिन पेट्रोल ओढतं तेही तळातूनच.

इंजिन अडखळलं तर लगेच थांबा, पुन्हापुन्हा स्टार्टर मारू नका, मला हाक मारा. फिल्टर उघडताना बॅटरी बंद हवी आणि आसपास विडी-सिगारेट अजिबात नको.