जिनिव्हाहून, पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी

दोस्ता,

परवा तू फोनवर विचारलंस ना की तुम्ही लोक तिथे यूएनच्या प्लास्टिकच्या बैठकीत दिवसभर नक्की करता काय, तेव्हा मी लोकलमध्ये होते, बोगदा आला आणि फोन कट झाला, मग राहूनच गेलं. आज शनिवार, सगळं संपलंय, उद्या विमान आहे, आपल्या कचरावेचक मावशी बॅग भरून झोपल्यात, तर आता सविस्तर लिहिते. मोठं होणार आहे, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे आम्ही जिनिव्हात राहिलोच नाही. तिथली भाडी आपल्या संस्थेला परवडणारी नाहीत, म्हणून पलीकडे फ्रान्समध्ये आनमास नावाचं गाव आहे तिथे दोन खोल्या आणि किचन घेतलं, आम्ही पाच जणी. रोज सकाळी लेमान एक्सप्रेस पकडायची, ही लोकल २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली, बराचसा रस्ता जमिनीखालून, अर्ध्या तासाच्या आत जिनिव्हाचं मेन स्टेशन, तिथून पंधरा नंबरची ट्राम थेट यूएनच्या दारात. मध्ये देशाची हद्द येते पण कळत पण नाही, कोणी पासपोर्ट मागत नाही. मावशींना हे पटेचना, पहिल्या दिवशी पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. "आगं एवढं बोटांचे ठसे घेतले आन आता कोणी बघतबी न्हाई?"

ठशांचं तुला सांगितलंच नाही मी. व्हिसाच्या सेंटरवर मशीन त्यांची बोटं घेईचना. एकदा, दोनदा, पाचदा. तिथल्या मुलीने ओल्या टिश्यूने पुसायला लावलं, मग कोरड्या, मग तिने स्वतः वरून दाबून धरलं, तरी स्क्रीनवर नुसता राखाडी डाग. मी तेव्हा पहिल्यांदा त्यांची बोटं इतक्या जवळून बघितली. रेषाच नाहीत रे. चाळीसेक वर्षं काच, पत्रा, डबे, सळ्या हाताळून पेरं गुळगुळीत झालीत, उजव्या अंगठ्यावर एक जुनी आडवी खूण आहे काचेची. मागे रांग वाढत चालली, लोक घड्याळं बघायला लागले आणि मावशी शांतपणे म्हणाल्या, "आधारला पण आसंच झालं हुतं, थांबा जरा, मी हात चोळते." शेवटी कसेबसे घेतले. पासपोर्ट विमानाच्या दोन दिवस आधी हातात आला, त्या दोन आठवड्यांत माझी झोप उडाली होती ते तू बघितलंयसच.

बरं, आता मुद्दा. ही बैठक होती प्लास्टिकच्या कराराची. मार्च २०२२ मध्ये नैरोबीला सगळ्या देशांनी ठरवलं की प्लास्टिकच्या प्रदूषणावर जगाचा एक करार करायचा, कायद्याने बांधणारा. त्या ठरावात एक ओळ आहे जी मला पाठ झालीय, की गोळा करणं, वर्गवारी, रिसायकलिंग या कामात असंघटित आणि सहकारी पद्धतीने काम करणाऱ्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे आपल्या मावशी. मग उरुग्वे, पॅरिस, नैरोबी, ओटावा, बुसान अशा पाच बैठका झाल्या, बुसानला व्हायला पाहिजे होतं ते झालं नाही म्हणून ही जिनिव्हाची, ५ ते १४ ऑगस्ट. मी बुसानच्या वेळी पुण्यात बसून रात्री जागून लाइव्ह बघत होते. या वेळी स्वतः आत.

आत म्हणजे पाले दे नासिओं, यूएनच्या आधी जो राष्ट्रसंघ होता त्याच्यासाठी बांधलेली प्रचंड इमारत, संपता संपत नाहीत असे कॉरिडॉर. माझं काम सोपं वाटतं ऐकायला. मावशींच्या डाव्या बाजूला बसायचं आणि कानात मराठी बोलत राहायचं. तिथे हेडफोनमध्ये सहा भाषा येतात, मराठी येत नाही, ती माझ्या तोंडून यायची. आणि तिथेच माझी खरी परीक्षा झाली, कारण भांडण पूर्ण शब्दांचं असतं रे. ज्या शब्दावर सगळ्यांचं एकमत नाही तो चौकोनी कंसात टाकतात आणि तो कंस काढायला दिवसच्या दिवस जातात. मसुदा आला तेव्हा बावीस पानांचा होता, पहिल्या आठवड्याच्या शेवटी पस्तीस पानांचा झाला आणि कंस जवळजवळ दीड हजार! कमी व्हायचे सोडून वाढले.

आता 'शाल' आणि 'शुड' आणि 'मे' यातला फरक मराठीत कानात कसा सांगणार? मी म्हटलं, मावशी, एक देश म्हणतो 'केलंच पाहिजे', दुसरा म्हणतो 'करावं', तिसरा म्हणतो 'करता येईल', आणि शेवटी कोणीतरी जोडतो 'आपापल्या परिस्थितीनुसार'. मावशींनी मान डोलवली. "म्हंजी सोसायटीच्या नोटीशीगत. ओला-सुका येगळा करावा, ज्यांना जमंल त्यांनी." मग थोडं थांबून, "आसं लिवलं की कोणीच करत न्हाई. मी शंभर फ्लॅट फिरते, मला इचार."

ते वाक्य मी तसंच्या तसं इंग्लिशमध्ये करून आमच्या ग्रुपच्या मीटिंगमध्ये सांगितलं. ब्राझीलचे, कोलंबियाचे, केनियाचे, दक्षिण आफ्रिकेचे कचरावेचक होते, आधी हसले आणि मग एकेक जण आपापल्या शहरातली तशीच गोष्ट सांगायला लागला. वेगवेगळ्या देशांतली एवढी माणसं आणि सगळ्यांची बोटं तशीच, हे मी मुद्दाम बघितलं.

मुख्य भांडण काय होतं तेही सांगते, कारण पेपरात दोन ओळीत येतं. शंभराच्या वर देशांचं म्हणणं की प्लास्टिक बनवणंच कमी करा, त्यातली घातक रसायनं काढा. तेल काढणारे देश म्हणतात की बनवण्याबद्दल बोलूच नका, फक्त कचऱ्याची व्यवस्था बघा. आणि आपला देशही उत्पादनावर मर्यादा नको याच बाजूला होता. मला हे लिहायला जड जातंय. आपल्या देशाच्या नावाची पाटी समोर दिसायची, छान वाटायचं, आणि मग माइकवरून जे यायचं ते मावशींच्या कानात सांगताना माझा आवाज खाली जायचा. आपल्याकडची कारणं मला कळतात, रोजगार, स्वस्त माल, गरीब देशांना पैसा आणि तंत्रज्ञान कोण देणार, हे प्रश्न खोटे नाहीतच. पण मी मावशींबरोबर कचरा वेगळा करायच्या शेडवर बसलेय. दुधाची पिशवी विकली जाते, पाण्याची बाटली विकली जाते, पुठ्ठा, पत्रा विकला जातो. शाम्पूची पुडी नाही विकली जात. वेफर्सची चकचकीत पिशवी नाही. त्याला भाव नाही, कारण प्लास्टिक, चांदीसारखा थर, परत प्लास्टिक असं सगळं एकमेकांना चिकटवलेलं असतं, ते सुटंच होत नाही. ओईसीडी म्हणून बहुतेक श्रीमंत देशांची संघटना आहे, तिचा आकडा आहे, २०१९ साली जगात ४६ कोटी टन प्लास्टिक वापरलं गेलं आणि त्या वर्षीच्या कचऱ्यातला जेमतेम ९ टक्के रिसायकल झाला. हा आकडा तिथे भिंतीभिंतीवर होता. मावशींनी तो एका वाक्यात मोडीत काढला, "जे इकलं जात न्हाई ते बनिवतातच कशाला?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगू का, त्या दहा दिवसांत याचं सरळ उत्तर कोणाकडूनच ऐकलं नाही.

आमचा जीव अडकला होता तो मसुद्याच्या दहाव्या कलमात. जस्ट ट्रान्झिशन, म्हणजे बदल करताना त्या कामावर जगणाऱ्यांना रस्त्यावर सोडायचं नाही. त्यात 'कचरावेचक' हा शब्द स्वच्छ लिहिलेला राहावा, एवढ्यासाठी आम्ही कॉरिडॉरमध्ये उभ्या. कारण खऱ्या वाटाघाटी बंद दाराआड, तिथे आमच्यासारख्या निरीक्षकांना प्रवेश नाही, बाहेर कॉफीला येणाऱ्यांना गाठायचं, एक पानाचा कागद द्यायचा, नाव सांगायचं, दोन मिनिटांत बोलायचं. माझे पाय संध्याकाळी इतके सुजायचे. आणि या वर्षी इथे ऊन कसलं, आपल्या एप्रिलसारखं. दुपारी आम्ही बाहेर चौकात त्या मोडक्या खुर्चीच्या सावलीत बसून पोळी-चटणी खायचो. ती खुर्ची तू फोटोत बघितली असशील, बारा मीटर उंच, लाकडाची, एक पाय तुटलेला, भूसुरुंगाने ज्यांचे पाय गेले त्यांच्यासाठी १९९७ मध्ये उभी केलेली. मावशींना मी हे सांगितलं तर त्या किती वेळ तुटलेल्या पायाकडेच बघत होत्या.

आणि मोर! यूएनच्या बागेत खरे मोर फिरतात. दुसऱ्या दिवशी कुठूनतरी केका ऐकू आली आणि मावशी जागच्या जागी थांबल्या. त्यांची आई बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून पुण्याला आली, गाव सुटलं ते सुटलंच, पण उन्हाळ्यात मामाकडे गेलं की मोर असायचे म्हणे. त्या दिवशी दुपारच्या सेशनला आम्ही दहा मिनिटं उशिरा गेलो आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

नऊ तारखेला राखी होती. मावशींनी पुण्याहून चार राख्या आणल्या होत्या, कोणाला बांधणार ते ठरवलंच नव्हतं. ब्राझीलच्या एका कचरावेचक दादाला बांधली, त्यांना काही कळेना, मी इंग्लिशमध्ये सांगितलं, कोणीतरी पोर्तुगीजमध्ये, मग ते रडायलाच लागले. त्यांनी ओवाळणी म्हणून आपल्या सहकारी संस्थेची टोपी काढून दिली. ती आता मावशींच्या बॅगेत सगळ्यात वर आहे.

शेवटच्या रात्रीचं सांगते आणि थांबते. चौदाला बैठक संपायची होती. सभा पुढे ढकलतायत, ढकलतायत, मध्यरात्रीच्या जरा आधी सगळे मोठ्या हॉलमध्ये जमलो, अध्यक्षांनी सांगितलं की चर्चा अजून चालू आहे, आणि मिनिटाच्या आत सभा तहकूब. लोक तिथेच खुर्च्यांवर, गालिच्यावर आडवे झाले. मावशींनी पदर डोक्यावरून घेतला आणि बसल्या बसल्या झोपल्या, मी जागीच. पहाटे नवीन मसुदा आला, तो मोबाइलवर वाचला, सकाळी परत सगळे जमले आणि एकामागून एक देश बोलायला लागले, हे आम्हाला मान्य नाही, याच्यावर एकमत नाही. छोट्या बेटांचे लोक बोलले तेव्हा हॉल एकदम शांत होता. नवाच्या सुमाराला संपलं. करार नाही. पुढे कधीतरी परत.

त्या क्षणी भारतात दुपार होती, पंधरा ऑगस्ट, तुझा झेंडावंदनाचा फोटो आला होता. मी हॉलच्या बाहेर जिन्यावर बसले आणि मला रडू आवरेना. तीन वर्षं, सहा बैठका, आणि आपला शब्द अजून अधांतरी.

मावशी शेजारी बसल्या. गळ्यातला यूएनचा बॅज काढला, पर्समधून एक जुनं प्लास्टिकचं पाकीट काढलं, त्यात त्यांचं पहिलं ओळखपत्र आहे, तेवीस-चोवीस वर्षांच्या असतानाचं, कोपरे झिजलेले, फोटोतली मुलगी ओळखूच येत नाही. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली, बाबा आढावांच्या पुढाकाराने, तेव्हा त्या आईचा हात धरून मेळाव्याला गेल्या होत्या. त्याआधी पाठीवर पोतं दिसलं की पोलीस चोर म्हणून हटकायचे, भंगार ओतून घ्यायचे. महापालिकेच्या मान्यतेचं ओळखपत्र हातात यायला त्यानंतरही काही वर्षं गेली. "किती मीटिंगा झाल्या म्हाईत हाय का तुला? पोरं कडेवर घिऊन बसायचो. दर टायमाला सायेब म्हणायचे, बगू." आणि त्यांनी तो निळा बॅज त्याच पाकिटात, जुन्या कार्डाच्या मागे सरकवला, चेन लावली आणि म्हणाल्या, चल, भूक लागली.

मग आम्ही तळ्यावर गेलो. बँ दे पाकी म्हणून पोहायची जागा आहे, तिथे साधं जेवण मिळतं, पाण्यात पाय सोडून बसलो, समोर तो एकशे चाळीस मीटर उंच फवारा. परत येताना स्टेशनवर चार तोंडांचा कचऱ्याचा डबा होता, कागद, बाटली, पत्रा, बाकीचं. मावशींनी वाकून आत बघितलं, कागदात कोणीतरी बाटली टाकलेली. हात घालून काढली, टोपण फिरवून वेगळं केलं, बाटली पायाखाली चेपली आणि बाटलीच्या तोंडात टाकली. टोपण कुठे टाकायचं ते विचारलं मला. मला माहीत नव्हतं. ते त्यांनी पर्समध्ये ठेवलं.

तर सोमवारी दुपारी आम्ही मुंबईला उतरतोय, तिथून बसने वाकडपर्यंत. तुला जमलं तर बाइक नको, गाडी घेऊन ये, मावशींच्या गुडघ्यांनी आता हात टेकलेत पण त्या रिक्षाचे पैसे देऊ देणार नाहीत. मंगळवारी सकाळी सातला त्यांचा भाग सुरू होतो, इतके दिवस जाऊबाई करत होती. आणि हो, तुमच्या सोसायटीच्या कमिटीची मीटिंग या महिन्यात आहे म्हणालास ना, तारीख कळव. मावशी म्हणतायत मी येते, त्या नोटीशीचं बोलायचंय.

तुझीच
(नाव काय लिहायचं, अक्षरावरून नाही तर शुद्धलेखनावरून ओळखशीलच)